हवापालटाची ठिकाणे, महाराष्ट्रातील

हवामानाच्या सुखकारकतेसाठी तात्पुरत्या अथवा कायम वास्तव्याकरिता मुद्दाम निवडलेली स्थळे. थंड हवेचे ठिकाण, गिरिस्थान, आरोग्यधाम इ. नावांनी ती ओळखली जातात. व्यवहारात या सर्वांचा एकच वर्ग मानला जात असला, तरी त्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. उन्हाळ्याचे दोनअडीच महिने काढण्यासाठी निवडलेले स्थळ आणि वर्षाचे बाराही महिने सुखाने राहता येईल असे स्थळ, या दोन निरनिराळ्या गरजा होत. पहिलीचे उत्तर महाराष्ट्रात १८२८ च्या सुमारास महाबळेश्वराच्या रूपाने मिळाले. दुसरीचा शोध त्यानंतर तीसपस्तीस वर्षांनी पाचगणीपर्यंत पोहोचला. या शोधाचा इतिहास हा हवामानाइतकाच सत्ता, पैसा आणि आरोग्यविषयक समजुती यांचाही इतिहास आहे.

वसतीसाठी हवा पारखण्याची कल्पना भारतात नवी नाही. आयुर्वेदाने भूमीचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार मानले. कोरड्या, उघड्या, वाऱ्याच्या प्रदेशास चरकसंहितेने आरोग्यकारक म्हटले व पाणथळ, दमट प्रदेशास अहितकर ठरविले. सुश्रुतसंहितेत थंडी, पाऊस, उष्मा व वारा ज्यात सम प्रमाणात असतात तो साधारण देश होय, असे विवेचन आहे. तथापि सामान्य माणसाने या ज्ञानाच्या आधारे गाव बदलावे अशी अपेक्षा नव्हती. त्याने ऋतुचर्या पाळावी, म्हणजे जागा न बदलता आहारविहार बदलावा, हा या परंपरेचा कल होता. पावसाळ्यात तर स्थलांतर टाळण्याकडेच कल दिसतो. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास व जैन मुनींचा चातुर्मास हे एका जागी राहण्याचे नियम होत. ऋतू पालटला की बिऱ्हाड हलवायचे, ही चाल राजेरजवाड्यांपुरती मर्यादित होती व तिला शासकीय व्यवस्थेचे रूप ब्रिटिशांच्या काळात आले.

महाराष्ट्राच्या हवामानात ही अडचण मुळातच आहे. विषुववृत्तालगतच्या क्विटोसारख्या नगरास सु. २,८०० मी. उंचीमुळे वर्षभर जवळजवळ एकच सौम्य तापमान लाभते. महाराष्ट्र हे साधारणतः १५° ४५' ते २२° उ. अक्षांशांच्या दरम्यान आहे आणि येथे मोसमी पाऊस चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे मार्च ते मे हा तापाचा काळ, जून ते सप्टेंबर हा पावसाचा, ऑक्टोबर हा पुन्हा उकाड्याचा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सुखाचा, असे वर्षाचे तुकडे पडतात. उंची वाढली की तापमान दर हजार मीटरला सरासरी सु. ६·५° से. ने उतरते, म्हणून सह्याद्रीचा माथा उन्हाळ्यात थंड असतो. पण समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे अडवून वर चढविणाराही तोच माथा असल्याने, तो जितका थंड तितकाच पावसाळ्यात ओला असतो. उन्हाळ्याचे औषध हे पावसाळ्याचे दुखणे ठरते, अशी ही कोंडी आहे.

किनाऱ्याची स्थिती वेगळी आहे. भाईंदरच्या पश्चिमेस उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील राई, मुर्धे, मोर्वा ही गावे खाडी, मिठागरे व समुद्र यांच्या सान्निध्यात वसली आहेत. मुंबईप्रमाणेच या पट्ट्यात मे महिन्यातील कमाल तापमान सरासरीने ३३–३४° से. च्या आसपास राहते. पुण्यात त्याच सुमारास ते ३७–३८° से. पर्यंत जाते. आकडे पाहून किनारा अधिक सुसह्य वाटेल. परंतु पुण्यात रात्री पारा १४–१५ अंशांनी खाली येतो, किनाऱ्यावर मात्र सहासात अंशांनीच. शिवाय हवेतील बाष्पामुळे घाम वाळत नाही व शरीर निवत नाही. सुखकारकता ही केवळ तापमानावर नव्हे, तर तापमान, आर्द्रता व वारा यांच्या संयोगावर अवलंबून असते. हे गणित १९५९ मध्ये अमेरिकेत थॉम याने अस्वस्थता निर्देशांकाच्या रूपाने मांडले असले, तरी किनाऱ्यावरील लोकांना ते अनुभवाने पूर्वीच ठाऊक होते. घराची ओटी वाऱ्याच्या दिशेस मोकळी ठेवणे, उतरते कौलारू छप्पर व खोल पडवी करणे, पावसाळ्यापूर्वी पश्चिमेकडील भिंती नारळाच्या झापांनी किंवा गवताने झाकणे हे कोकणपट्टीतील उपाय त्याच अनुभवाचे फळ होत. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पावसाळा संपल्यानंतरची कोरडी, वाऱ्याची आणि कडक उन्हाची जी हवा शहरवासीयास नकोशी वाटते, तीवरच मिठागरांचा धंदा चालतो. चांगली हवा कोणती, याचे उत्तर विचारणाऱ्याच्या व्यवसायानुसार बदलते.

मुंबईची हवा यूरोपीयांना प्रथमपासून मारक ठरली होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे आलेल्या जॉन फ्रायर, ओव्हिंग्टन इ. प्रवाशांनी या बेटावरील मृत्यूंचे भीषण प्रमाण नोंदविले आहे. नवागताचे आयुष्य वर्षांनी न मोजता पावसाळ्यांनी मोजण्याची त्या काळी रीत पडली होती. या मृत्यूंचे कारण दलदलीतून उठणारी दूषित हवा होय, अशी वैद्यकाची त्या वेळची समजूत होती. साहजिकच दलदलीपासून दूर, उंचावर राहणे हा त्यावरील उपाय मानला गेला. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त होऊन दख्खनचा प्रदेश कंपनीच्या ताब्यात आल्यावर असे उंच प्रदेश प्रथमच मुंबई सरकारच्या आवाक्यात आले.

महाबळेश्वराच्या पठारावर १८२४ मध्ये लॉडविक हा लष्करी अधिकारी पोहोचला व त्याने त्या जागेची शिफारस केली. शोधाचे श्रेय सर्वस्वी त्यास देण्याची प्रथा आहे, पण ती फारशी बरोबर नाही. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री यांच्या उगमांचे क्षेत्र म्हणून हे स्थान शतकानुशतके यात्रेकरूंस परिचित होते. प्रतापगडसारखा किल्ला १६५६ च्या सुमारास त्याच्या लगतच उभा राहिला होता. लॉडविकने शोधून काढली ती जागा नव्हे, तिचा एक नवा उपयोग. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन मॅल्कम (कार. १८२७–३०) याने १८२८ मध्ये तेथे वसाहतीचा आरंभ केला. पुढील वर्षी सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार होऊन वाई भागातील खंडाळा हे गाव त्यांना देण्यात आले व महाबळेश्वरचा परिसर कंपनीने घेतला. नव्या पेठेस मॅल्कमपेठ हे नाव मिळाले. १८३४ च्या सुमारास तेथे चिनी कैद्यांचा तुरुंग काढण्यात आला व तो १८६४ पर्यंत चालला. रस्तेबांधणी व बागाईत ही कामे या कैद्यांकडून करून घेण्यात आली. बटाटा व इतर यूरोपीय भाज्यांची तेथील लागवड मुख्यतः त्यांच्याच श्रमांतून वाढली. आजारी यूरोपीयांच्या सुखासाठी उभारलेल्या या वसाहतीचा पाया समुद्रापलीकडून आणलेल्या बंदिवानांनी घातला, याचा उल्लेख प्रवासवर्णनांत ओझरताच येतो.

सु. १,३७० मी. उंचीच्या या ठिकाणी ऐन एप्रिल-मेमध्येही कमाल तापमान सरासरीने ३०° से. च्या आतबाहेर राहते. मात्र वर्षाचा पाऊस सु. ६०० सेंमी. असून एकट्या जुलैमध्ये तो २०० सेंमी. च्या आसपास पडतो. आठवडेच्या आठवडे धुके हटत नाही, कपड्यांना व पुस्तकांना बुरशी येते, भिंती पाझरतात. जून उजाडला की बंगल्यांना बाहेरून गवताची शाकारणी करून बिऱ्हाडे खाली उतरत. बाजारही आवरता घेतला जाई. म्हणजे महाबळेश्वर हे वर्षाच्या एका तुकड्यासाठीच उपयोगी होते.

यावर मुंबई सरकारने काढलेला तोडगा खर्चिक, परंतु तर्कशुद्ध होता. एकाच ठिकाणी बारा महिने चांगली हवा मिळत नसेल, तर सरकारनेच हवेमागे जावे. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे, असे गव्हर्नरच्या वास्तव्याचे वर्षचक्र एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. पुण्याजवळ दापोडी येथे मॅल्कमच्या काळात निवासस्थान घेण्यात आले होते. पुढे सर बार्टल फ्रिअर याच्या कारकीर्दीत गणेशखिंड येथे भव्य प्रासादाचे काम १८६४ मध्ये सुरू झाले. हीच वास्तू १९४९ पासून पुणे विद्यापीठाकडे आहे. केंद्र सरकारचे कलकत्ता-सिमला हे स्थलांतर (१८६४ पासून) अधिक गाजले, पण तेथे दोनच मुक्काम होते; मुंबई इलाख्याने तीन केले. फायलींच्या पेट्या, कारकून, नोकरचाकर, घोडे व पालख्या यांच्यासह घाट चढण्या-उतरण्याच्या या व्यवहाराचा भार अर्थातच रयतेच्या महसुलावर पडे आणि तत्कालीन देशी वृत्तपत्रांचा तो टीकेचा नेहमीचा विषय होता. महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरास भरते, त्याचे मूळ मात्र या प्रथेत नसून १९५३ च्या नागपूर करारात आहे.

ज्याला सरकारी खर्चाने फिरता येत नव्हते, त्याचा प्रश्न या तोडग्याने सुटला नाही. नोकरीतून निवृत्त झालेला, इंग्लंडला परतण्याची ऐपत वा इच्छा नसलेला यूरोपीय आणि त्याचे कुटुंब यांना एकच घर हवे होते व ते बारमाही हवे होते. पाचगणीचा जन्म या गरजेतून झाला. जॉन चेसन याने रुस्तमजी दुबाश यांच्यासमवेत या भागातील डोंगरांची पाहणी करून दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर व तायघाट या पाच गावांच्या मधली जागा पसंत केली, असे सांगितले जाते. १८६० नंतरच्या दशकात ही वसाहत आकारास आली व चेसनकडे तिची देखरेख सोपविण्यात आली. ठिकठिकाणची झाडे लावून पाहणे हा त्याचा ध्यास होता. आज पाचगणीची ओळख बनलेला सिल्व्हर ओक हा वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियाचा असून तो या काळातील लागवडीतून तेथे रुजला. चेसनचे दफनही पाचगणीतच झाले.

या निवडीतील मर्म नकाशावर पाहिले असता स्पष्ट होते. पाचगणी महाबळेश्वरच्या पूर्वेस रस्त्याने जेमतेम १८–१९ किमी. आहे व उंचीने त्याहून फार कमी नाही, ती सु. १,३०० मी. आहे. त्यामुळे उन्हाळ्यातील थंडावा बहुतांशी टिकून राहतो. परंतु सह्याद्रीचा माथा ओलांडताना ढगांतील बाष्प बरेचसे गळून पडलेले असते. परिणामी पाचगणीचा वार्षिक पाऊस महाबळेश्वरच्या साधारण एक-तृतीयांश किंवा त्याहून कमी भरतो. आणखी १२–१३ किमी. पूर्वेस, पसरणीचा घाट उतरून वाईस आले, की तो ७५ सेंमी. च्या आसपास येतो. महाबळेश्वर ते वाई या तीसबत्तीस किमी. च्या वाटेत पाऊस सात-आठ पटींनी घटतो. चेसनने निवडलेली जागा या उतरंडीच्या नेमक्या मध्यावर, जेथे उंची अजून टिकून आहे आणि पाऊस ओसरला आहे, अशा ठिकाणी आहे. त्या वेळी पर्जन्यमापनाची केंद्रे थोडी होती. तेव्हा ही पारख मुख्यतः झाडोरा, माती आणि आसपासच्या गावकऱ्यांचे ज्ञान यांवरूनच झाली असली पाहिजे. ज्या पाच गावांच्या नावाने ही वसाहत ओळखली जाते, ती गावे तेथे बारमाही नांदत होती, हाच त्या हवेच्या बारमाहीपणाचा पहिला पुरावा होय. पाचगणीही निर्दोष नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तेथे दाट धुके व सततची झड असते, माथ्यावरील जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सपाट पठार वाऱ्याला उघडे आहे. पण घर बंद करून खाली उतरण्याची वेळ येत नाही, आणि कसोटी तीच होती.

बारमाही हवेचा एक अनपेक्षित परिणाम झाला. पेन्शनरांची म्हणून आखलेली वसाहत मुलांची बनली. शाळा वर्षभर चालवायची, तर जागा वर्षभर राहण्याजोगी हवी. हंगामी महाबळेश्वरला हे शक्य नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यूरोपीय व पारशी मुलांसाठी येथे निवासी शाळा निघाल्या. १९२२ मध्ये संजीवन विद्यालयासारखी राष्ट्रीय वृत्तीची संस्थाही स्थापन झाली. दुसरीकडे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर हे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. जुलै १९४४ मध्ये तुरुंगवासातून सुटल्यानंतर प्रकृतीच्या कारणास्तव महात्मा गांधी पाचगणीस राहिले होते.

माथेरानची कथा याच्या उलट आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये या डोंगरावर चढला आणि पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन (कार. १८५३–६०) याने तेथे रस्ते व निवास यांची सोय केली. सु. ८०० मी. उंचीमुळे थंडावा मध्यम व पाऊस प्रचंड. निवडीचे कारण हवेपेक्षा मुंबईचे सान्निध्य हेच होते. लोहमार्ग सुरू झाल्यावर हे सान्निध्य वाढले, आणि आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर व अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली बांधलेली नेरळ-माथेरान ही अरुंदमापी गाडी १९०७ मध्ये धावू लागली, तेव्हा मुंबईचा मध्यमवर्गही वर चढू लागला. जॉन स्मिथ या डॉक्टराने १८७१ मध्येच या डोंगरावर ग्रंथ लिहिला, त्यात तेथील वनस्पतींबरोबर ठाकूर, कातकरी व धनगर यांनाही जागा मिळाली आहे. मोटारबंदीमुळे सामान व माणसे वाहून नेण्याचे काम त्यांच्याच वंशजांकडे राहिले. लोणावळे-खंडाळे लोहमार्गाचे अपत्य. चिखलदरा, पन्हाळा, तोरणमाळ व आंबोली ही स्थळे रम्य खरी, पण बारमाही निवासाच्या दृष्टीने त्यांचा विचार फारसा झाला नाही. आंबोली तर पावसात महाबळेश्वरशीच स्पर्धा करते.

डोंगरमाथा सोडून देशावर उतरल्यास निवडीचा दुसरा पर्याय दिसतो. पुणे (सु. ५६० मी.) हे पर्जन्यछायेत असून तेथील पावसाळा, वार्षिक ७०–७५ सेंमी. पावसामुळे, महाराष्ट्रातील सर्वांत सुखद पावसाळ्यांपैकी एक आहे. एप्रिल-मेचा ताप दुपारपुरता असतो व सायंकाळी पश्चिमेचा वारा सुटतो. हिवाळ्याविषयी बोलण्याची गरजच नाही. ‘पेन्शनरांचे पुणे’ हे बिरुद निर्माण होण्यास शिक्षणसंस्था व पेशवाईचा वारसा यांबरोबर ही हवाही कारणीभूत आहे. भारतीय हवामानखात्याचे मध्यवर्ती कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास हलविण्यात आले. हवामानशास्त्रज्ञांनी वसतीसाठी पुणे निवडले असे गमतीने म्हणता येईल, जरी कारणे प्रशासकीय होती. याच तोडीचे दुसरे स्थान बेळगाव. सु. ७५० मी. उंची, सु. १२५ सेंमी. पाऊस व क्वचितच असह्य होणारा उन्हाळा यांमुळे मराठी भाषकांत त्यास ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणत. वस्तुतः बारमाही वास्तव्याच्या कसोटीवर ते महाबळेश्वराहून सरस ठरते. दख्खनच्या याच पठारावर आणखी दक्षिणेस, सु. ९२० मी. उंचीवरील बंगलोरने (आता बंगळुरू) निवृत्तांना आकर्षित केले, ते याच गुणांवर.

हवापालटामागील वैद्यकीय आधार दरम्यान एकेक करून ढासळत गेला. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला व रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो, हे दाखविले. उंचावर माणसे जगली, ती शुद्ध हवेमुळे तेवढी नव्हे, तर तेथे डास कमी होते म्हणून. क्षयाच्या बाबतीत थंड, कोरड्या हवेवरील श्रद्धा अधिक काळ टिकली. मिरजेजवळील वॉनलेसवाडी, पाचगणी, देवळाली इ. ठिकाणी रोगी महिनोन्‌महिने ठेवले जात; त्यासाठी जमिनी गहाण पडत व दागिने मोडले जात. १९५६ नंतर मद्रास येथे झालेल्या चाचणीने, योग्य औषधे मिळाल्यास दाटीवाटीच्या वस्तीतील घरी राहणारा रोगीही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो, असे सिद्ध केले. १९५९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि शंभर वर्षे हवेला दिलेले श्रेय औषधाकडे गेले. ज्यांना डोंगरावर जाणे कधीच परवडले नव्हते, त्यांच्या दृष्टीने हा शोध कोणत्याही गिरिस्थानापेक्षा मोलाचा होता.

हवापालट पुढे आरोग्याऐवजी करमणुकीचा विषय झाला. १९६० नंतर मोटारींच्या व हॉटेलांच्या वाढीबरोबर पाचगणी-महाबळेश्वर परिसरात झाडे तुटली, उतारांवर बांधकामे चढली व वर्षाला सहा मीटर पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरात उन्हाळी पाणीटंचाई भासू लागली. जांभ्याच्या सच्छिद्र थरातून पाणी लवकर निघून जाते आणि झरे जंगलावर अवलंबून असतात, ही बाब बांधकामाच्या घाईत दुर्लक्षिली गेली. महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश जानेवारी २००१ मध्ये आणि माथेरान फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्र म्हणून घोषित केला. तेथील जमिनीचा वापर, वृक्षतोड व इमारतींची उंची यांवर त्यामुळे निर्बंध आले.

याच काळात लोकवस्तीचा ओघ मात्र नेमका उलट दिशेने, हवेच्या दृष्टीने कमी सुखकर अशा किनाऱ्याकडे वाहिला. भोवतालची गावे व भाईंदर, मीरा ही उपनगरे मिळून १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका झाली. येथे घर घेणाऱ्याने तापमान व पर्जन्यमान पाहिले नाही. उपनगरी गाडीचे अंतर आणि जागेचा भाव पाहिला. ओटी-पडवीची जागा बहुमजली इमारतींनी घेतल्याने वाऱ्याची वाट मात्र अडली आणि उकाड्यावरील उपाय पंखा व वातानुकूलन यंत्र यांवर येऊन ठेपला.